पाठीला कान

बारामतीहून इंदापूरकडे निघालेली एसटी काटेवाडी मागं टाकते तेव्हा उन्हं कलायला लागलेली असतात. जानेवारीचे दिवस, उसाचा गळीत हंगाम भरात. भवानीनगरच्या कारखान्यापाशी ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या जोडून रांगा थांबल्यात आणि मळीचा गोडसर-आंबूस वास खिडकीतून आत येऊन शेजारच्या सीटवर बसल्यासारखा बसतो. सणसर जातं. बेलवाडीला तुम्ही उतरता.

आषाढात हे गाव ओळखू येत नाही. तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण इथं होतं. अश्व धावतो, आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं वाकतात. आज इथं तसली गर्दी नाही. शाळेमागच्या पटांगणात दहा-बारा पोरं मैदान आखताहेत. भोकं पाडलेल्या डब्यातून फक्की सांडत एक मुलगी मागं मागं चालतेय, रेघ वाकडी जाऊ नये म्हणून जीभ दातांत धरून. दोन्ही टोकांना दोन खांब रोवलेत.

“ओ पाहुणं, बसताय का? एक गडी कमी हाय.”

तुम्ही चपला काढता. गार माती तळव्यांना लागते आणि अंग आपोआप चाळीस वर्षं हलकं होतं. मधल्या पाटीवर आठ चौकोन, आठ बसणारे, नववा पाठलाग करणारा. एकाचं तोंड उसाकडं, तर शेजारच्याचं रस्त्याकडं. तुमच्या वाट्याला ऊस आलाय. उकिडवं बसायचं, एक पाऊल पुढं, दोन्ही पंजे जमिनीवर, टाच उचललेली. पळणारा तुमच्या बाजूला आला तर दिसतो. मधली पाटी ओलांडून पलीकडं गेला की तुमच्या जगातून गेला. मग उरतात पावलांचे आवाज आणि कुणाचा तरी फुललेला श्वास. खो-खोत बसणाऱ्याच्या पाठीला कान फुटावे लागतात.

“खो!”

पाठीवर थाप आणि शब्द, दोन्ही एकदम. तुम्ही उठता. उठवणारा तुमच्याच चौकोनात बसलाय. आता मधली पाटी ओलांडायची नाही, आणि खांदा ज्या दिशेला वळला त्याच दिशेनं धावायचं. मागं फिरायची मुभा फक्त खांबापाशी. पळणारं पोरगं खांबाला गिरकी घालून पलीकडं निसटतं. तुम्ही खांबाला हात लावता आणि मागं फिरता.

मागं म्हणजे किती मागं, हे खांबानं ठरवलेलं असतं.

ऊस नाही. मळीचा वास नाही. मुठेच्या अलीकडं पुणं, पलीकडं मोकळं माळरान, आणि त्या माळावर डेक्कन जिमखान्याचं मैदान. साल १९१४. जिमखाना निघून आठ वर्षं झालीत. सहा वर्षांच्या मंडालेच्या तुरुंगवासानंतर टिळक जूनमध्ये पुण्यात परतलेत, आणि युरोपात लढाई पेटलीय. मैदानाच्या कडेला याच दोन गोष्टींची चर्चा. मैदानात मात्र तिसरीच चालू आहे: किती जणांनी बसायचं? किती जणांनी पळायचं? खो न देता दुसऱ्याला उठवलं तर काय?

तुम्ही धोतराचा काचा मारून रांगेत बसलाय. हा खेळ गावोगाव आहे, पण प्रत्येक गावाचा वेगळा. दोन गावं समोरासमोर आली की आधी भांडण, मग खेळ. म्हणून ही मंडळी नियम कागदावर उतरवताहेत. खो-खोचे पहिले लेखी नियम. सगळा देश ज्या रेघांवर पुढं शंभर वर्षं पळणार आहे, त्या इथं शाईनं ओढल्या जाताहेत.

तुम्हाला बेलवाडी आठवते. अंधार पडायच्या आत परतायला हवं. तुम्ही मान न वळवता खांब शोधता. उजवीकडं नाही. डावीकडं नाही. तेव्हा लक्षात येतं की या मैदानात खांब अजून आलेलेच नाहीत. घड्याळसुद्धा नाही. पळायला मिनिटांची मर्यादा नंतर येईल, खांबही नंतर येतील. इथून मागं फिरायची सोय नाही. परतीची वाट पुढूनच, आणि पुढं जायला कुणीतरी खो द्यायला हवा.

पाठीमागं पावलं जवळ येतात.

“खो!”

गवत. कापलेलं, विलायती, एकसारखं हिरवं. १९३६चा ऑगस्ट, बर्लिन. तुम्ही अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकात आहात. ज्या १९१४ साली पुण्यात नियम लिहिले जात होते, त्याच साली अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी अमरावतीत ही संस्था काढली. आता तिची माणसं समुद्र ओलांडून आलीत. लाठी दाखवून झाली. मल्लखांबावर एक जण उलटा लटकला तेव्हा टोप्या घातलेले प्रेक्षक पुढं सरसावले. मग हुतूतू, मग खो-खो.

तुम्ही बसता. समोर शंभर अनोळखी चेहरे. ज्या माणसांनी बसून खेळायचा खेळ पाहिलेला नाही, त्यांना प्रश्न पडलाय की हे आठ जण दमलेत की काय. मग पहिला खो होतो, मग दुसरा, आणि रांग पेटते. एक उठतो, एक बसतो, पाठलागाचं तोंड सारखं फिरत राहतं. टाळ्या येतात, भरपूर.

पण टाळ्या टाळ्यांत फरक असतो. याच महिन्यात, १५ ऑगस्टला, ध्यानचंद यांचा हॉकी संघ याच शहरात जर्मनीला ८-१नं हरवून सुवर्णपदक घेणार आहे. त्या संघाच्या मधल्या फळीत पुण्याचा बाबू निमल आहे. आदल्या दिवशी ठरलेला तो सामना पावसामुळं पुढं ढकलला जाईल, तरी लोक थांबतील. हॉकीला वेळापत्रक आहे, गुणफलक आहे, पदक आहे. तुमच्या खेळासाठी कार्यक्रमपत्रिकेत एकच शब्द: प्रात्यक्षिक. या, दाखवा, जा.

हा शब्द पुढं फार काळ पाठ सोडणार नाही.

आता रांगेत लय सापडते. अनुभवी संघ साखळी धरतात तसे खो एकापाठोपाठ एक पडायला लागतात, आणि तुम्ही नीट उभं राहायच्या आत पुढच्या सालात बसलेले असता. खो, १९५९-६०: विजयवाड्यात पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा. खो, पुढच्याच वर्षी कोल्हापूर: मुलींची पहिली राष्ट्रीय. खो, १९८२: दिल्लीचं एशियाड, रंगीत टीव्हीचं वर्ष, आणि तुमच्या वाट्याला पुन्हा तोच शब्द, प्रात्यक्षिक. खो, १९९६: कोलकात्यात पहिली आशियाई स्पर्धा. खो, २०१६: गुवाहाटीची दक्षिण आशियाई स्पर्धा. इथं पदक आहे! भारतीय मुलींची कर्णधार उस्मानाबादची सारिका काळे, जिला २०२०मध्ये अर्जुन पुरस्कार मिळणार आहे. खो, २०२२: बालेवाडीतली खो-खो लीग. पायाखाली मॅट, डोक्यावर दिवे, टीव्हीचे कॅमेरे, सात-सात मिनिटांची आक्रमणं, आणि ‘वजीर’ नावाचा एक खेळाडू ज्याला खांबापर्यंत न जाताही दिशा बदलता येते. वजिराकडं तुम्ही हेव्यानं बघता. तुम्हाला तशी मुभा असती तर केव्हाच घरी गेला असता.

“खो!”

आणि साखळी तुटते.

पुन्हा मॅट. पण अंग तुमचं नाही. उंची वेगळी, पिंढऱ्या वेगळ्या, छातीवर दक्षिण कोरियाचं नाव. नवी दिल्ली, इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियम, १४ जानेवारी २०२५. घरोघरी तिळगूळ वाटला जात असेल. इथं खो-खोचा पहिला विश्वचषक कालच सुरू झालाय. २३ देश, पुरुषांचे २० संघ, महिलांचे १९. समोर यजमान भारत, कर्णधार प्रियांका इंगळे.

बेलवाडीचं डोकं एका नवशिक्या खेळाडूच्या अंगात अडकलंय. डोक्याला सगळं ठाऊक, गुडघ्यांना काहीच नाही. तुम्ही पाटीवर बसता. टाच उचलायची हे आठवतं, पण मांडी थरथरते. समोरून एक भारतीय पोरगी अशी जाते की तिच्या हाताचा वारा नाकाला लागतो, आणि पुढच्याच पावलाला मधली पाटी ओलांडून ती पाठीमागं नाहीशी होते. तुम्ही ऐकायचा प्रयत्न करता. स्टेडियमचा गोंगाट सगळीकडून सारखाच येतो. पाठ मुकी आहे. या पाठीला अजून कान फुटलेले नाहीत.

पाठीशी काहीतरी हलल्यासारखं वाटतं. तुम्ही उठता.

शिट्टी. फाऊल. खो मिळायच्या आत उठलात. पाठलाग उलट्या दिशेला न्यायचा, आणि तेवढ्यात पळणारी निसटून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला.

मग तुमची पळती येते आणि बसलेला भारतीय संघ तुम्ही आतून बघता. बाहेरून तो रांगेसारखा दिसतो. आतून तो सापळा आहे. त्या पोरी तुमच्याकडं बघतसुद्धा नाहीत, नजर समोर, पण तुम्ही डावीकडं झुकलात की डावीकडची पाठ ताठ होते. तुम्ही एकीला हुलकावणी देता, ती खो देऊन बसलेलीही असते, आणि उठलेली दुसरी तुमच्या वाटेतच उभी. ज्या वयात तुमच्या या अंगानं खो हा शब्दही ऐकला नव्हता, त्या वयापासून त्यांना शाळेच्या पटांगणात कुणीतरी ‘बस, हलू नको’ म्हणत होतं. बोटं तुमच्या खांद्याला टेकतात. बाद. तुम्ही बाहेर जाऊन बसता आणि आकडे चढताना बघता.

शेवटी फलकावर: भारत १७५, दक्षिण कोरिया १८.

या १७५मध्ये एक गोष्ट लपलीय, आकडा विषम आहे. एक गडी बाद केला की दोन गुण, म्हणजे बेरीज सम यायला हवी. विषम आकडा येतो तो पळणाऱ्यांमुळं. तिघांची तुकडी तीन मिनिटं टिकली की एक गुण, त्यापुढं दर अर्ध्या मिनिटाला आणखी एक. याला ‘ड्रीम रन’ म्हणतात. म्हणजे तुम्ही नुसते मार खात नव्हता, मिनिटामागून मिनिटं हवेत हात मारत होता.

चाकांच्या बुटांवर खेळतात त्या इनलाइन हॉकीच्या जागतिक स्पर्धेत वरच्या देशांचा एक गट असे आणि दुसऱ्या फळीच्या देशांचा वेगळा, कच्च्याला कच्च्याशी झुंजून पक्कं होता यावं म्हणून. खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात अशी सोय नाही. ज्यांच्या मातीत खेळ जन्मला ते आणि ज्यांनी तो नुकता उचलला ते, एकाच मॅटवर. पुरुषांच्या गटात ब्राझील भारताकडून ६४-३४ हरणार आहे, पेरू ७०-३८. महिलांत इराण १००-१६, मलेशिया १००-२०. उद्या हे आकडे वाचून कुणी हसेल, कुणी फुशारकी मारेल.

तुम्हाला मात्र आता १८ हा आकडा हातात धरून बघावासा वाटतो. दोनाच्या हिशेबानं नऊ गडी. त्यातला एक तुमचा. दुसऱ्यांदा बसलात तेव्हा डोळे मिटले होते. गोंगाटाखाली एक बारीक आवाज सापडला: मॅटवर घासणारा बूट, मग हातभर अंतरावरचा श्वास. या वेळी तुम्ही हलला नाहीत. थाप पडली, शब्द पडला, मगच उठलात, आणि समोर जी आली तिच्या कोपराला बोटांची टोकं लागली. एवढंच. बाकावरच्या तुमच्या संघानं असा जल्लोष केला की चषक जिंकल्यासारखा. १९३६मध्ये अमरावतीची माणसं जगाला हा खेळ दाखवत होती. तेव्हा जग बघत होतं. आज ते खाली बसलंय. बसलं तर उद्या उठेलही.

“खो!”

आता मॅट खाली राहते आणि तुम्ही प्रेक्षकांत. तेच स्टेडियम, पाच दिवसांनी, १९ जानेवारीचा रविवार. मुलींनी नेपाळला ७८-४०नं हरवून विश्वचषक घेतलाय. पुरुषांचा अंतिम सामनाही नेपाळशीच. कर्णधार प्रतीक वाईकर, पुण्याचा. पाटीवर बसलेल्यांत पुण्याचाच सुयश गरगटे. आणि रामजी कश्यप, वेळापूरचा.

वेळापूर ऐकून तुम्ही सीटच्या कडेवर येता. बेलवाडीहून तुकोबांची पालखी इंदापूर, सराटी करत नीरा ओलांडून अकलूजला जाते. तिथून थोडं पुढं वेळापूर, ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्काम. म्हणजे हा पोरगा नदीपलीकडचा. त्यानं ज्या मातीत बसायला शिकलं ती तुमच्या मातीची सख्खी शेजारीण.

भारताचं आक्रमण. रामजी उठतो, चार ढांगा टाकतो आणि जमीन सोडतो. सूर. खेळाडू आडवा, सबंध अंग एका रेषेत, पुढं फक्त एक हात. पळणारा वळायच्या बेतात असतो, आणि त्या वळण्याच्या आत बोटं पोचतात. अंग धाडकन मॅटवर पडतं तेव्हा गडी बाद झालेला असतो. पहिली सात मिनिटं संपतात तेव्हा २६-०. तेरा गडी.

शेवटी ५४-३६. सलामीच्या सामन्यात याच दोन संघांत ४२-३७ झालं होतं. नेपाळचा आकडा सहा दिवसांत जवळजवळ तोच राहिला. पहिल्या रात्री पाच गुणांवर आलेला शेजारी उद्या चार गुणांवर येईल, आणि एखाद्या वर्षी पुढंही जाईल. खेळ जगाला द्यायचा म्हणजे हरण्याची तयारी ठेवायची. हॉकीत ते आपण फार महागात शिकलो.

भोवती लोक उभे राहिलेत, झेंडे फडकताहेत. मागच्या रांगेतला कुणीतरी आनंदाच्या भरात तुमच्या पाठीत जोरात थाप मारतो आणि ओरडतो. काय ओरडतो ते त्या गदारोळात तुम्हाला एकाच प्रकारे ऐकू येऊ शकतं.

तुम्ही उठता.

ऊस. मळीचा वास. बेलवाडी.

सूर्य अजून पुरता टेकलेला नाही. तुम्हाला खांबाकडं पळवणारं पोरगं पलीकडच्या बाजूनं दात काढून हसतंय. तुम्ही त्याच्यामागं धावता. चार पावलं, आठ पावलं, पोटात कळ. ते मधली पाटी ओलांडतं, तुम्हाला ओलांडता येत नाही. आता एकच गोष्ट हातात आहे: समोर जी पाठ तुमच्याकडं करून बसलीय, तिला सांगणं. ती मघाची फक्कीवाली मुलगी. तुम्ही हात उचलता.

हात पोचायच्या आत ती उठते.

“फाऊल! फाऊल! आधी उठली!” कडेला उभा असलेला चिमुरडा पंच नाचायला लागतो. शिट्टी नाही म्हणून तोंडानंच वाजवतो.

“त्यांनी हात लावला व्हता!”

“न्हाई लावला! इचार पाहुण्याला!”

सगळी तोंडं तुमच्याकडं वळतात. ती मुलगीही बघते, गाल फुगवून. दिल्लीतली ती शिट्टी आणि मुकी पाठ तुमच्या अंगात अजून ताजी आहे.

“नाही लावला,” तुम्ही सांगता. “मी उशीर केला. ती आधी उठली.”

“बघ!”

ती रागानं परत चौकोनात बसते. उकिडवी, पंजे मातीत, टाच उचललेली, तोंड रस्त्याकडं. उसाच्या ट्रॉल्या घरघरत इंदापूरच्या दिशेनं चालल्यात. ती त्यांच्याकडं बघत नाही. मान किंचित झुकलीय, खांदे स्थिर. तिची पाठ ऐकतेय.

तुम्ही उलट्या दिशेनं खांबापर्यंत जाऊन येता, धापा टाकत, आणि या वेळी तळहात नीट तिच्या पाठीवर टेकवता. शब्द त्याच क्षणी.

ती कधी उठली ते दिसतच नाही. तिच्या चौकोनात अजून ऊब आहे. तुम्ही तिथं बसता, तोंड रस्त्याकडं करून.